मदत हवी आहे: बायोस्फिअर २ आईला घेऊन बघता येईल का?

डिसेंबरात आईला घेऊन ॲरिझोनात ओरॅकलजवळच्या बायोस्फिअर २ ला जायचंय. १९९१ ते १९९३ आठ माणसं जिथे बंदिस्त राहिली, तेच, पृथ्वीची छोटी प्रतिकृती म्हणून प्रयोगासाठी बांधलेलं काचेचं संकुल. आता ॲरिझोना विद्यापीठाकडे आहे. आईने आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे काचेच्या आत उभारलेलं वर्षावन आणि छोटा समुद्र तर बघायचेच आहेत. पण तिला सगळ्यात ओढ आहे ती तिथल्या 'फुफ्फुसा'ची. उन्हाने आतली हवा प्रसरण पावली की रबरी पडद्याला जोडलेली अवजड धातूची तबकडी वर उचलली जायची, म्हणून काचा फुटायच्या नाहीत. हे तिला उभं राहून बघायचंय.

अडचण गुडघ्यांची. सपाटीवर ती काठी घेऊन सावकाश चालते, जिने मात्र जमत नाहीत. व्हीलचेअरला तिची ना नाही. संकेतस्थळ वाचलं, व्हिडिओ पाहिले. त्यांत पायऱ्या आणि अरुंद वाटा दिसतात, पण पर्यायी रस्ता कळत नाही. टूसॉनहून गाडीने येऊ, वेळेची घाई नाही.

अलीकडे कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर सांगा: जिना न चढता-उतरता फुफ्फुसापर्यंत पोचता येतं का? आणि वर्षावनातल्या दमट हवेत मध्ये बसायला जागा आहे का?