मुलाच्या वागण्याचं नेमकं निदान : काय तपासावं, कसं तपासावं (अनुभव धागा)

एका जागी बसत नाही, मारतो, हाकेला ओ देत नाही, वर्गात बोलतच नाही... अशा मुलांच्या बाबतीत निदान घाईत होतं किंवा वर्षानुवर्षं लांबतं. ज्यांना हे काम आतून माहीत आहे त्यांनी कृपया नेमकं लिहावं. उपचारांची चर्चा इथे नको, फक्त निदान.

पालक

पहिल्या भेटीआधी दोन आठवडे नोंदवही ठेवा. ‘खूप चिडतो’ असं लिहून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. रकाने असे करा : वेळ, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने नेमकं काय केलं, किती मिनिटं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. आरडाओरडा झाला की दर वेळी लिखाण टळतं असं त्यात दिसलं, तर आधी त्याला ते लिखाण जमतं का हे तपासायला हवं.

व्हिडिओ काढायचा तर भडका उडाल्यानंतरचा फारसा कामाचा नाही. दोन-तीन मिनिटं साधं खेळतानाचं, इतर मुलांबरोबरचं, जेवतानाचं चित्रण जास्त सांगतं. समोर फोन नाचवू नका, मूल वेगळं वागायला लागतं.

श्रवणतज्ज्ञ

‘हाक मारली तर बघत नाही’ या तक्रारीवरून थेट स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) प्रश्नावलीकडे जाऊ नका. आधी कान. पडद्यामागे पाणी साठलं की ऐकणं सर्दीबरोबर कमी-जास्त होतं, आणि घरचे म्हणतात, ‘त्याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं.’ जन्मानंतरची चाचणी व्यवस्थित होती, यावर विसंबू नका. ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं.

घरी ताट वाजवून बघण्याला अर्थ नाही. तो दणका ऐकू येतो, पण ‘स’, ‘फ’ असे वरच्या पट्टीचे आवाज निसटत असतात. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणं) आणि टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का, मागे पाणी आहे का ते पाहणं) दोन्ही करा. मूल प्रतिसादच देत नसेल तर बेरा, म्हणजे आवाजाला श्रवणनस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी चाचणी, ती झोपेत होते.

बालरोगतज्ज्ञ

कानांनंतर झोप. रोज घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल दिवसा पेंगायच्या ऐवजी उड्या मारतं. ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेत का पाहा, गरज पडली तर झोपेचा अभ्यास करून घ्या. रात्री सतत पाय हलवत असेल तर रक्तातलं फेरिटिन (लोहाच्या साठ्याचं माप) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. ताप किंवा संसर्ग चालू असताना ही तपासणी करू नका, आकडा उगाच वाढलेला येतो.

‘शून्यात बघतो’ म्हणजे लक्ष नाही असंच नव्हे. वाक्याच्या मध्येच थांबणं, खांद्याला हात लावूनही भानावर न येणं, काही सेकंदांनी जणू काही झालंच नाही असं पुढे बोलू लागणं, हे अपस्माराच्या एका प्रकारात दिसतं. त्यासाठी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) हवा आणि त्यात मुलाला सुमारे तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावलेला असावा, नाहीतर झटका पकडला जाणार नाही. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता यांच्या विकाराचं) निदान मात्र ईईजी किंवा मेंदूच्या स्कॅनवरून होत नाही.

चालू औषधांची यादी न्या. दम्यासाठीचं माँटेलुकास्ट, फिट्ससाठीचं लेव्हेटिरासेटाम किंवा फिनोबार्बिटोन, स्टिरॉइड, यांनी वागणं बदलू शकतं. बदल कोणत्या तारखेपासून दिसला तेही लिहा. औषध मनाने बंद करू नका.

बाल मानसशास्त्रज्ञ

एडीएचडीचे निकष लोक अर्धेच वाचतात. डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमपुस्तिका) नुसार सोळा वर्षांपर्यंतच्या मुलात लक्ष न टिकणं किंवा अतिचंचलता यांपैकी एका गटातली नऊपैकी किमान सहा लक्षणं, सहा महिने तरी टिकलेली, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी हवीत. शिवाय रोजच्या कामांत खरा अडथळा हवा, आणि दुसऱ्या कशाने ते जास्त नीट समजावता येत नाही हेही पाहायचं. फक्त शाळेत दिसतं तर अध्ययन अक्षमता, दादागिरी, वर्गातला गोंगाट तपासा. फक्त घरी दिसतं तर शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरल्याचा तो परिणाम आहे का, की घरात कसला ताण आहे, हे विचारा. मारहाण पाहिलेलं मूल सतत सावध असतं. ती सावधगिरी चंचलपणासारखीच दिसते.

व्हँडरबिल्टसारख्या एडीएचडीच्या प्रश्नावल्या पालक आणि शिक्षक दोघांकडून स्वतंत्रपणे भरून घ्या. गुण ० ते ३. लक्षण मोजायचं ते फक्त २ किंवा ३ असेल तर. आई-बाबांनी एकत्र बसून ‘समजुतीने’ एक आकडा ठरवू नये, दोघांच्या उत्तरांतला फरक हीच माहिती असते.

एम-चॅटची सुधारित आवृत्ती (एम-चॅट-आर) ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची स्वमग्नतेची प्राथमिक चाळणी आहे, २० प्रश्नांची. ३ ते ७ गुण आले तर पाठपुराव्याचे प्रश्न विचारायचे, लगेच शिक्का मारायचा नाही. आणि २०१३ च्या डीएसएम-५ पासून स्वमग्नता व एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देता येतात. एक सापडलं म्हणून शोध थांबवू नका.

शिक्षिका

शिक्षकांकडून ‘मस्ती करतो’ हा शेरा घेऊ नका. कोणत्या तासाला, तोंडी कामात की लेखी, मधल्या सुट्टीत कसा, हे विचारा. वह्यांची पानं मागा. महिन्याच्या सुरुवातीचं आणि शेवटचं. मुलाची जन्मतारीख वर्गातल्या इतरांशी ताडून पाहा, वर्गात सगळ्यांत लहान असलेल्यांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो. आणि शांतपणे खिडकीबाहेर बघणाऱ्या मुली कोणाच्याच तक्रारीत येत नाहीत.

वाचा-उपचारतज्ज्ञ

वर ‘ऐकत नाही’ आलंय त्याला जोडून : ऐकू येतं, पण सूचना कळत नाही अशीही मुलं असतात. हातवारे न करता दोन टप्प्यांची सूचना देऊन बघा. भाषेची चाचणी घरच्या भाषेत व्हायला हवी. घरी बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त (शाळेचा पहिला महिना सोडून) गप्प असेल तर निवडक मौनाचा (काही ठिकाणी बोलणं, काही ठिकाणी बोलूच न शकणं) विचार व्हावा.

बाल मानसशास्त्रज्ञ

अहवालाबद्दल राहिलं. त्यात कोणत्या चाचण्या, कोणत्या तारखांना, प्रत्येक उपघटकाचे गुण, चाचणीच्या वेळी मूल थकलेलं किंवा आजारी होतं का, आणि कोणत्या शक्यता का वगळल्या, हे असलं पाहिजे. नुसता एकूण बुद्ध्यांक पुरत नाही. उपघटकांत मोठी तफावत असेल तर तो सरासरी आकडा फसवतो. ‘औषधाने फरक पडला, म्हणजे निदान बरोबर’ हा युक्तिवाद स्वीकारू नका, एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधाने एडीएचडी नसलेल्यांचंही लक्ष वाढू शकतं. अहवालाच्या प्रती शाळेला देताना घरगुती माहितीची पानं वेगळी काढायला सांगता येतात. चार-पाच वर्षांच्या मुलाचं निदान शाळा सुरू झाल्यावर पुन्हा तपासून घ्या.