बचावात तोफखान्याचे नियंत्रण एका हाती असावे की विभागलेले?

प्रश्न:
बचावाची फळी लांब असते आणि शत्रूचा मुख्य घाव कुठे बसेल हे आधी कळत नाही. अशा वेळी प्रत्येक ब्रिगेडला (डिव्हिजन या मोठ्या दलाच्या एका भागाला) तिच्या तोफा कायमच्या वाटून दिल्यास मदत लवकर मिळेल असे मला वाटते. तरीही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी डिव्हिजनचा तोफखाना एकाच कमांडरच्या हाताखाली का ठेवला?

उत्तर १:
तोफा वाटून टाकल्या की ज्या ब्रिगेडवर हल्लाच होत नाही, तिच्या तोफा नुसत्या उभ्या राहतात. ब्रिटिशांच्या २५ पौंडी तोफेचा पल्ला सुमारे १२ किलोमीटर होता. त्यामुळे तोफ जागची न हलवता, केवळ तिचे तोंड वळवून, शेजारच्या ब्रिगेडसमोर मारा करता येई. पायदळाची राखीव फौज तिथे पोहोचायला तास लागतात, गोळे काही मिनिटांत पडू लागतात. पायदळ डिव्हिजनच्या तोफखान्याच्या तीन रेजिमेंटांत मिळून ७२ तोफा असत आणि बिनतारीवर ‘अंकल टार्गेट’ अशी हाक गेली की त्या सगळ्या एकाच लक्ष्यावर वळत. शिवाय पायदळासोबत खंदकात बसलेला तोफखान्याचा निरीक्षक अधिकारी आपल्या तोफांना विनंती करत नसे, थेट हुकूम देत असे. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे, कारण नियंत्रण वर असले तरी मारा मागवणारा डोळा सर्वांत पुढे होता.

उत्तर २:
वरील मत मला मान्य आहे, पण ही सारी रचना संदेशवहनावर उभी असते हे विसरता कामा नये. पहिल्या महायुद्धात संपर्क तुटण्यावर एक तोड काढलेली होती: काम नसताना तोफा आपल्या खंदकांपुढच्या ठरलेल्या पट्ट्यावर रोखून ठेवायच्या आणि पायदळाने रंगीत अग्निबाण सोडला की कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता मारा सुरू करायचा. २१ मार्च १९१८ रोजी फ्रान्समधील सेंट क्वेंटिनच्या परिसरात जर्मन तोफमाऱ्याने ब्रिटिशांच्या टेलिफोनच्या तारा तोडल्या आणि दाट धुक्यात ते अग्निबाणही मागच्या तोफांना दिसेनात.

प्रश्नकर्ता:
म्हणजे संपर्क तुटल्यावर बॅटरीने (तोफांच्या तुकडीने) स्वतःहून काय करायचे, हे आधीच ठरलेले असायला हवे?

उत्तर २:
होय, आणि तेही लेखी. कोणत्या पट्ट्यावर, किती वेळ आणि किती गोळे, हे प्रत्येक तोफेपाशी असावे. नाहीतर घाबरलेली बॅटरी पहिल्याच तासात साठा संपवते.