‘द जॅस्मिन थ्रोन’ मामेबहिणीला भेट द्यावं का?

पानोपानी

माझी मामेबहीण पुण्यात कॉलेजला आहे. दिवाळीत घरी आली होती तेव्हा तिनं मला सांगितलं की तिला मुली आवडतात. घरात सध्या मला एकट्यालाच माहीत आहे. राजवाडे, शाप, मंतरलेली जंगलं असलं वाचायचं तिला वेड आहे आणि इंग्रजी ती भराभर वाचते. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, तर ताशा सूरी यांची ‘द जॅस्मिन थ्रोन’ ही इंग्रजी फँटसी कादंबरी द्यावी असं मनात आहे. पुस्तकाला २०२२ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळालाय, एवढंच मला ठाऊक. पण ती मागे म्हणाली होती, "दादा, असल्या गोष्टींत दोघींपैकी एक शेवटी मरतेच." म्हणून विचारतोय. ज्यांनी वाचलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा. प्रेमकथा म्हणून कसं आहे? कुठे कंटाळा येतो?

अबोली

आधी तुमच्या बहिणीला हवं ते उत्तर. ही तीन भागांची मालिका आहे, आणि या पहिल्या भागात दोघी नायिका जिवंत राहतात. रहस्य फुटलं तर फुटू दे, तिला हे आधी कळलेलं बरं.

२०२१ मध्ये आल्या आल्या मी हे घेतलं आणि अजूनही मधूनच कुठलंही पान उघडून वाचत बसते. पारिजातद्वीप नावाचं साम्राज्य. सम्राट चंद्र आपल्या बहिणीला, मालिनीला, चितेवर चढायला सांगतो. तिच्या दोन सख्या चढतात, ती नाही म्हणते. मग तिला दूरच्या अहिरण्य प्रांतात, हिरणा नावाच्या जळून उजाड झालेल्या देवळात कोंडतात. तिथे सफाईला येणाऱ्या मोलकरणींत प्रिया आहे. प्रिया याच देवळात वाढली, तिच्याबरोबरची मुलं इथेच जाळली गेली, आणि ती कोण आहे हे कुणाला कळलं तर तिचीही धडगत नाही.

त्या चितेच्या पहिल्या प्रकरणाबद्दल थोडं जास्त लिहिते. माझं आजोळ थेऊरजवळ आहे. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, त्यांचं वृंदावन तिथे आहे. लहानपणी आम्हाला तिथे हात जोडायला नेत आणि ती हकीकत सांगताना मोठ्यांचा गळा दाटून येई. चढली तिचं नाव राहिलं. नाही म्हणालेल्या बाईची गोष्ट मला कधी कुणी सांगितली नाही. मालिनी विधवा नाही, इथला विधीही वेगळा आहे. पण नवरीसारख्या सजवलेल्या मुली, भोवती पुरोहित, आणि यातच तुझा सन्मान आहे असं समजावणारा भाऊ, हे सगळं मी ओळखते. म्हणून मालिनीचा नकार वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

आता प्रेमाबद्दल. ते गरजेतून सुरू होतं. हल्ला करणाऱ्या एका बाईला प्रिया ठार करते, मालिनी ते पाहते, आणि त्या गुपिताच्या जोरावर तिला आपली सेविका म्हणून मागून घेते. पहाऱ्यावरची प्रमिला मालिनीला रोज मद्यातून विष पाजत असते. ते एकदम तोडलं तर मालिनी जगायची नाही, म्हणून प्रिया तेच विष मापून, थोडं थोडं देत राहते. जिच्यावर जीव जडतोय तिला आपल्या हातानं विष द्यायचं आणि तिनं ते मुकाट्यानं प्यायचं! अख्ख्या पुस्तकातलं माझ्या सगळ्यात आवडीचं प्रेमदृश्य हेच, आणि त्यात दोघी एकमेकींना मिठीसुद्धा मारत नाहीत. मालिनी भली बाई नाही. तिला सिंहासन हवंय, ती गोड बोलून माणसं वळवते, प्रियालाही वळवू पाहते, आणि प्रियाला ते कळतं. कळूनही जवळ जाते. लेखिका मालिनीला धुऊनपुसून स्वच्छ करत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मुलींच्या प्रेमकथेत मुली गुणीच असल्या पाहिजेत असा दंडक कशाला?

आणखी एक. अहिरण्यात असल्या प्रेमाला पूर्वी जागा होती, ती साम्राज्यानं काढून घेतली. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आलं ते इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून, आणि आपसांतल्या संमतीच्या संबंधांवरून ते हटायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. "हे आपल्या संस्कृतीत नव्हतंच" असं तिला कुणी ना कुणी ऐकवेलच. त्याच्या आत हे पुस्तक तिच्या हातात पडलेलं चांगलं.

कमतरता आहेत. प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाच्या नजरेतून येतं. प्रिया, मालिनी, राज्यपालाची बायको भूमिका, बंडखोर अशोक, राजपुत्र राव, शिवाय एखाद्या प्रकरणापुरते येणारे. देवळात दोघींमध्ये काहीतरी जुळत येतं आणि पान उलटलं की आपण रावच्या मोहिमेत. मला तिथे दर वेळी चिडायला झालं. खलनायक चंद्र बराचसा लांबूनच दिसतो, त्यामुळे त्याची भीती वाटते ती इतरांच्या सांगण्यावरून.

घाटवाट

अबोलीताई, चितेच्या प्रकरणाबद्दल पूर्ण सहमत. बाकी थोडं वेगळं मत मांडतो.

प्रेमकथा म्हणून हातात घेतलं तर निराशा होईल. पहिला निम्मा भाग राजकारणाचाच आहे. माणसाच्या अंगातून पानं, मुळं फुटायला लागतात तो रोग फार ताकदीनं आलाय. रुख नावाच्या पोराला तो झालेला असतो आणि त्याच्यासाठी प्रिया बाजारात पवित्र लाकडाचा मणी मिळवायला धडपडते, तेवढ्यानंच मला ती कळली. पण अशोकचं काय? बंडखोरांचा पुढारी, लहानपण जळालेलं, स्वातंत्र्यासाठी वेडा झालेला. त्याची बाजू खरी आहे, तरी दर प्रकरणात तो तेच रागानं बोलतो. वसाहतीविरुद्ध लढणाऱ्याला इतकं एकसुरी करणं मला खटकलं.

दुसरं, जात. साड्या आहेत, महाल आहेत, पुरोहित आहेत, शुद्ध-अशुद्ध आहे. उच्चकुलीन आणि मोलकरीण हा भेदही आहे. पण जातीचा प्रश्न थेट येत नाही. भारतावर बेतलेल्या जगात शुद्धीची भाषा एवढी वापरायची आणि जात बाजूला ठेवायची, ही जागा मला रिकामी वाटली.

माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात पक्कं पात्र भूमिका. राज्यपालाची बायको, पोटुशी, बाहेरून सोज्वळ. देवळातल्या तिच्या भावंडांना मारणाऱ्या सत्तेच्या माणसाशीच तिनं संसार मांडलाय, आणि त्या आडोशानं ती आपली माणसं जगवतेय.

अबोली

जातीचा मुद्दा मान्य. माझ्याही मनात होता, तुम्ही नेमका मांडलात. अशोकबद्दल मात्र नाही. शक्ती मिळावी म्हणून बाटलीत साठवलेलं दिव्य पाणी पिऊन त्याचे साथीदार एकेक करून मरतायत आणि त्याच्याकडे वेळच उरलेला नाही. अशा माणसाच्या बोलण्यात तेच तेच येणार.

प्रेम उशिरा येतं हे खरं. पण मालिनी सुरुवातीला विषाच्या गुंगीत आहे, कैदेत आहे. त्या अवस्थेत लेखिकेनं घाई केली असती तर मला ते किळसवाणं वाटलं असतं. मालिनी शुद्धीवर येते, स्वतःच्या पायांवर उभी राहते, मग दोघी एकमेकींकडे मोकळेपणानं पाहतात. मला ही वाट पाहणं पटलं.

पानोपानी

दोघांचेही मनापासून आभार. ती शेंडीला गाठ मारून जाडजूड पुस्तकं संपवणारी आहे, राजकारणाचा तिला त्रास व्हायचा नाही. तर घेतोच. एकच विचारायचंय. तीन भाग आहेत असं दिसतंय, सगळे एकदम द्यावेत का? आणि कव्हर, शीर्षक यांवरून घरातल्यांना काही कळेल का? ती सुट्टीत पुस्तक घरी आणेल, आणि कुणाला कधी सांगायचं ते तिचं तिलाच ठरवू द्यायचंय.

अबोली

मुखपृष्ठावर एक बाई आहे, शीर्षकही साधं आहे. नुसतं बाहेरून पाहून काही कळणार नाही. पण मागचा मजकूर कुणी वाचला तर अंदाज येऊ शकतो. तिलाच आधी विचारा, छापील हवं की फोनवर वाचायला. २०२२ चा ‘द ओलिअँडर स्वोर्ड’ आणि २०२४ चा ‘द लोटस एम्पायर’ आत्ता घेऊ नका. पहिल्या भागाच्या शेवटी दोघींच्या वाटा वेगळ्या होतात, एक युद्धाकडे निघते, एक अहिरण्यात राहते. ते वाचून झालं की ती स्वतःच तुम्हाला फोन करेल. तेव्हा दुसरा भाग लगेच पाठवायची तयारी ठेवा.