उत्तर : महिने परत मिळतात, पण मागावे लागतात

वर कोणीतरी म्हटलंय की कॉलेज बंद पडलं की जीआय बिलाचे (अमेरिकी माजी सैनिकांना सरकारी खर्चाने शिकायला मिळणारे) महिने गेले ते गेलेच, तर ते २०१७ आधीचं झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये आयटीटी टेक या अमेरिकेतल्या खासगी कॉलेज साखळीने एका फटक्यात १३० हून जास्त कॅम्पसना कुलूप लावलं तेव्हा खरंच तसं होतं, फेडरल लोन घेतलेल्यांना कर्जमाफीचा रस्ता होता आणि माजी सैनिकांना मिळणाऱ्या एकूण ३६ महिन्यांतले वापरलेले महिने मात्र वाया.

मग ऑगस्ट २०१७ च्या फॉरेव्हर जीआय बिल या नव्या कायद्यात ते महिने परत द्यायची सोय झाली, तीही जानेवारी २०१५ नंतर बंद पडलेल्या कॉलेजांना धरून. पुढे असा नियमही आला की जुन्या कॉलेजचे १२ पेक्षा कमी क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) नवीन ठिकाणी नेले तर सगळं परत, फक्त तो तुम्हाला लागू आहे का ते आधी विचारून घ्या. म्हणून सल्लागार म्हणेल तितके क्रेडिट उचलायच्या आधी जरा हिशोब करा! कॉलेज बंद पडल्यावर घरभाडं भत्ताही टर्म संपेपर्यंत किंवा जास्तीत जास्त चार महिने, जे आधी होईल तोपर्यंत चालू राहू शकतो.

आमच्या ऑफिसातला एक एक्स-मरीन वर्षभर गप्प बसला होता, त्याला वाटलं हे आपोआप होईल, ट्रान्सक्रिप्टचा (कॉलेजच्या गुणपत्रकाचा) चुरगळलेला कागद ड्रॉवरमध्येच. शेवटी लंच टाइममध्ये बसून महिने परत मागायचा २२-०९८९ नंबरचा फॉर्म भरला. अर्ज केल्याशिवाय कोणी काही देत नाही बरं का, आणि ट्रान्सक्रिप्ट आत्ताच मागवून ठेवा.