मदत हवी आहे: व्याज एका ग्राहकाला लावलं, लागलं सगळ्यांना (ओरॅकल)

सियागंज_खातेवही
इंदूरच्या किराणा ठोक पेढीची उधारी ओरॅकल १९सी डेटाबेसवर, ‘देणी’ नावाच्या टेबलात आहे. प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम) खाली देतो. नावं समजायला मराठीत लिहिली आहेत, मूळ रोमन लिपीत आहेत.

प्रोसीजर व्याज_लाव(ग्राहक_क्र इन नंबर) इज
बिगिन
  अपडेट देणी सेट बाकी = राउंड(बाकी * १.०१५, २)
  व्हेअर ग्राहक_क्र = ग्राहक_क्र;
  कमिट;
एक्सेप्शन व्हेन अदर्स देन नल;
एंड;

११.४० ला व्याज_लाव(१०७) चालवलं. एरर काही नाही, पण ४१२ च्या ४१२ बाक्या वाढल्या. तोच अपडेट हाताने १०७ टाकून चालवला की एकच ओळ बदलते (तो रोलबॅक केला, म्हणजे मागे घेतला). असं का? आणि कमिट झालंय, म्हणजे बदल कायम झालेत, आता परत कसं फिरायचं?

रामबाग_४
कारण मागाहून. आधी जुनी प्रत काढा, अनडू (बदलाआधीची जपून ठेवलेली माहिती) पुसला गेला की हातात काही राहणार नाही. अनडू_रिटेन्शन (तो किती वेळ जपायचा ती मुदत) मुळात ९०० सेकंद असतं. त्यापुढे मिळालं तर नशीब, नाहीतर ओआरए-०१५५५, म्हणजे जुनी स्थिती आता मिळत नाही अशी एरर.

क्रिएट टेबल देणी_जुनी ॲज सिलेक्ट * फ्रॉम देणी ॲज ऑफ टाइमस्टॅम्प (सिसटाइमस्टॅम्प - इंटरव्हल '३०' मिनिट);

तोवर देणी टेबलावर ऑल्टर (रचना बदलणं) किंवा ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) चुकूनही करू नका, मग मागची स्थिती दिसत नाही.

सियागंज_खातेवही
१२.०५ ला चालवलं. निघाली प्रत, ४१० ओळी. सरळ तीच बाकी उचलून टाकू का?

राजवाडा_बॅकएंड
नको! ११.४० नंतर कोणी पैसे भरले असतील तर ते उडतील. समजा बाकी १२,००० होती. व्याज १८० लागून १२,१८० झाली, मग ५,००० जमा झाले, आता ७,१८० दिसते. खरी हवी ७,०००. प्रत उचलली तर १२,००० होईल. १.०१५ ने भागलंत तर ७,०७३.८९, तेही चूक. जुन्या बाकीवर नेमकं तेच गणित, त्याच राउंडसकट करून जेवढं व्याज चढलं तेवढंच आजच्या बाकीतून वजा करा. १०७ ला वगळा, त्याचं व्याज खरं आहे.

४१० का, तेही कळलं. तुमची प्रत ११.३५ ची. मधल्या ५ मिनिटांत २ नवी खाती उघडली असणार. त्याच वेळात कोणी जमा केली असेल तर प्रतीतली बाकीही जुनीच आहे, वजाबाकी चुकेल. ११.३९.५० ची प्रत पुन्हा काढा. वेळेवरून मागे जाताना ओरॅकलची अचूकता साधारण ३ सेकंदांची असते, म्हणून थोडं आधीचंच घ्या.

रामबाग_४
आता कारण. प्रोसीजरमधल्या एसक्यूएल वाक्यात एखादं नाव आलं की ओरॅकल ते आधी टेबलाच्या कॉलममध्ये शोधतो, तिथे नसेल तरच व्हेरिएबलमध्ये. म्हणजे तुमची अट ‘कॉलम = तोच कॉलम’ अशी झाली. नल सोडून प्रत्येक ओळीला खरी. १०७ कोणी वाचलाच नाही. पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ९.० पासून असं नाव संदिग्ध म्हणून थेट एरर येते. ओरॅकल मात्र चकार शब्द काढत नाही.

उपाय: पॅरामीटरला ‘पी_’ लावा आणि टाइप देणी.ग्राहक_क्र%टाइप (म्हणजे कॉलमचा आहे तोच) द्या. नाव बदलायचं नसेल तर व्याज_लाव.ग्राहक_क्र असं पूर्ण लिहा, तेही चालतं.

राजवाडा_बॅकएंड
आणि अपडेटच्या लगेच खाली ही ओळ (एसक्यूएल%रोकाउंट म्हणजे किती ओळी बदलल्या तो आकडा):

इफ एसक्यूएल%रोकाउंट <> १ देन रेज_ॲप्लिकेशन_एरर(-२०००१, 'ओळी: ' || एसक्यूएल%रोकाउंट); एंड इफ;

एररचा क्रमांक -२०००० ते -२०९९९ मध्येच हवा. पण ‘व्हेन अदर्स देन नल’ (कुठलीही एरर आली तरी काही करू नको) ठेवलंत तर ही एररही तिथेच गडप होईल आणि ४१२ बदल तसेच राहतील. ती ओळ काढा. मग एरर वर जाते आणि त्या कॉलमधले बदल ओरॅकल आपणहून मागे घेतो. पीएलएसक्यूएल_वॉर्निंग्ज ही सेटिंग चालू केलीत तर ११जी आवृत्तीपासून ओरॅकल असा हँडलर (एरर पकडणारी ओळ) कंपाइल करतानाच पीएलडब्ल्यू-०६००९ हा इशारा दाखवतो.

कमिट तर प्रोसीजरमध्ये नकोच. ते हाक मारणाऱ्याचं काम. रोकाउंट पाहून मग करा.

सियागंज_खातेवही
११.३९.५० ची प्रत निघाली, ४१२ ओळी. वजाबाकी ४११ ओळींवर केली, जमा पावत्यांशी ताळा जुळला. पॅरामीटर आता पी_ग्राहक_क्र.

रामबाग_४
बाकीच्या प्रोसीजरही तपासा भाऊ. डिलीटमध्ये अशी अट असेल तर अख्खं टेबल रिकामं होईल.