पानगळीतल्या 'शून्य खर्चाच्या' वस्तूंचा खरा हिशेब

काटकसरी_बाबा:
'पानगळीत मुलांसोबत करा शून्य खर्चाच्या दहा वस्तू' हा लेख परवा वाचला आणि त्यावर विश्वास ठेवून फसलो, म्हणून सविस्तर लिहीत आहे. दहांपैकी सात वस्तूंना ग्लू गन, चारांना लॅमिनेशनचे कागद आणि जवळजवळ सगळ्यांना सोनेरी चमकी लागते. फुकट असतात ती फक्त पाने. शिवाय ओली पाने प्लॅस्टिकमध्ये बंद केली की ओल आतच अडकते आणि पाने काळी पडून त्यांना बुरशी धरते, हे लेखात कुठेही सांगितलेले नाही. आमच्या चार पानांना ती धरली आणि मुलीने ती पाने स्वतः केरात टाकली. जे घरात पडून आहे आणि जे मूल स्वतःच्या हाताने करू शकते, तेच माझ्या मते स्वस्त. पाने जुन्या वर्तमानपत्रात घालून वर जाडजूड पुस्तकांचा ढीग रचावा, सुरुवातीला रोज कागद बदलावा. दहा-बारा दिवसांत ती सपाट आणि कोरडी होतात.

हौशी_मावशी:
पाच वर्षांच्या मुलाला 'दहा-बारा दिवस थांब' असे सांगून पाहा आणि मग आम्हाला शहाणपण शिकवा. ग्लू गन एकदाच घ्यावी लागते, माझी कित्येक वर्षे चालते आहे. मुलांबरोबरच्या एका दुपारचाही जमाखर्च मांडणाऱ्यांचे मला नवल वाटते. घाई असेल तर पान दोन कागदांमध्ये ठेवून, वाफ बंद करून, कोमट इस्त्री दाबावी. काम काही मिनिटांत होते.

खळवाला:
मावशी, इस्त्री आणि ग्लू गन ही दोन्ही मोठ्यांची हत्यारे आहेत. ग्लू गनचा गोंद कमी तापमानाचा असला तरी १०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो, त्यामुळे मूल पान धरून उभे राहते आणि वस्तू आई करते. साधी खळ करा. एका वाटी थंड पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवावा आणि मंद आचेवर, पांढरेपणा जाऊन तुकतुकी येईपर्यंत, ढवळत राहावे. आमचे वडील पुस्तकबांधणी करीत. ते खळीत चिमूटभर मोरचूद घालत, त्यामुळे कसर लागत नसे.

शंकेखोर:
मोरचूद? मुलांच्या हातात देण्याच्या खळीत? मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, ते पोटात गेले तर विषारी असते, आणि लहान मुले बोटे चाटतात हे आपणास ठाऊक नसावे.

खळवाला:
वडिलांनी चाळीस वर्षे तीच खळ वापरली, घरात कोणाला काही झाले नाही.

शंकेखोर:
आपले वडील खळ चाटत नव्हते, हा फरक आपल्या ध्यानात येत नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

हौशी_मावशी:
आणि बिनमोरचुदाच्या खळीचे काय होते तेही ऐका. माझ्या मुलाने खळीने चिकटवलेले पानांचे घुबड तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारू लागले, चौथ्या दिवशी त्याच्या डोळ्यांत मुंग्या शिरल्या. मुलगा तासभर रडला. तेव्हापासून आमच्याकडे खळ बंद.

खळवाला:
खळीचा थर जाड दिला आणि घुबड उन्हात वाळवले नाही, तर दुसरे काय होणार? पातळ हात फिरवायचा असतो. मोरचुदाचा मुद्दा मागे घेतो, समाधान झाले असेल तर कळवावे. खळ थोडीच करावी, फ्रिजमध्ये ठेवावी, दोन दिवसांत संपवावी.

शंकेखोर:
झाले. खळीच्या नादात रंगांचे कोणालाच पडलेले नाही. पानातले हरितद्रव्य विघटित झाले की आधीपासूनच तिथे असलेला पिवळा रंग उघडा पडतो, लाल रंग मात्र बहुतेक पानांत पानगळीच्या वेळीच नव्याने तयार होतो. आणि खिडकीत टांगले की दोन्ही विटतात. पान टिकवण्याचा हा सारा आटापिटा कशासाठी? पान शिरांची बाजू वर करून कागदाखाली ठेवावे आणि मेणाचा खडू आडवा धरून घासावा. ना गोंद, ना इस्त्री, ना मुंग्या.

काटकसरी_बाबा:
इस्त्रीची युक्ती काल करून पाहिली आणि ती लागू पडली, हे नाइलाजाने कबूल करतो. खळही केली, मोरचुदाविना. मुलीने सगळी पाने पालथी चिकटवली. शिरा वर हव्यात, हे तिने खडूच्या खेळातून उचलले असावे. मी एक पान सुलटे करायला गेलो, तर तिने चिकट हाताने माझे मनगट धरून बाजूला सारले. ग्लू गन कपाटात आहे. मावशींना दुसरी हवी असल्यास सांगावे.

हौशी_मावशी:
लॅमिनेशनचे कागद उरले असतील तर तेही द्या. मी पाने आधी वाळवते.