मृणालच्या शेगडीचा वास

पाटकर काकू, बी ६०२: मंडळी, एक वेगळाच प्रश्न आहे, हसू नका. मृणालने ओरेगॉनला घर घेतलंय ना, पोर्टलंडच्या बाहेर, तिथे हॉलमध्ये लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी आहे. पेलेट स्टोव्ह म्हणतात. थंडी पडल्यापासून रोज पेटवतात. उन्हाळ्यात सेल लागला तेव्हा जावयांनी पाइनच्या गोण्या आणून गॅरेजमध्ये रचून ठेवल्या होत्या. त्यांना जुनाट तेलाचा वास येतो म्हणते, आणि शेगडी लावली की हॉलमध्ये धुराचा. दुकानात पाइन, फर, ओक, सीडर असं काय काय मिळतं. चांगल्या वासाचं लाकूड कुठलं? नाईक भाऊजी, तुमचा जन्म लाकडात गेला म्हणून इथेच विचारते.

दळवी, ए ३०२: काकू, गिरगावात घर गरम करायचा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. सांताक्रूझला ७.४ डिग्री झालं होतं ते २२ जानेवारी १९६२ ला. त्यानंतर मुंबईला शेगडीची गरज पडलेली नाही.

पाटकर काकू, बी ६०२: तुम्हाला चेष्टा सुचते. पोरगी खिडक्या उघड्या ठेवून बसते आणि परत थंडीने कुडकुडते.

नाईक काका, ए २०१: वहिनी, आत्ता मेसेज बघितला. गोळी गोळी म्हणतात ती म्हणजे भुसाच. सॉ मिलचा भुसा आणि रंध्याची ढलपी वाळवायची, बारीक दळायची आणि पोलादी साच्याच्या भोकांतून जोराने दाबून काढायची. भोक साधारण ६ मिलिमीटरचं. दाबाने माल इतका तापतो की लाकडातलं लिग्निन मऊ पडतं, आणि गार झालं की तेच भुशाला धरून ठेवतं. वरून गोंद घालायची गरज पडत नाही. त्यामुळे लाकूड जे असेल त्याचाच वास गोळीला येणार.

आपल्या जुन्या चाळीत भुशाची शेगडी होती, ती आता किती जणांना आठवते? पत्र्याच्या डब्याला खाली बाजूने भोक. मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा हाताने ठासून भरायचा, वरून ओला हात फिरवायचा आणि बाटली गोल गोल फिरवत अलगद वर काढायची. हिसका दिला की सगळं आत कोसळलं. त्या पोकळीत खालून पेटवलं की मंद आच, दुपारची डाळ शिजून वर आंघोळीचं पाणी निघायचं. लकडी बंदरवरून भुशाचं पोतं यायचं. देवदारी खोक्यांचा भुसा असला की राळेचा वास आणि भांड्याला काजळी, सागाचा असला की चामड्यासारखा जड वास. आमची आई पोत्यात हात घालून, नाकाशी धरून मगच पैसे द्यायची.

शेट्ये वहिनी, बी २०३: आमच्याकडे सासूबाई बाटलीऐवजी वरवंटा लावायच्या.

दळवी, ए ३०२: आणि तो पडून कोणाचा पाय फुटला ते पण सांगा.

केतकी, बी ४०४: काकू, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे, सुगंधांच्या लॅबमध्ये बसते म्हणून बोलते. पाइनचा जो ताजा वास असतो तो मुख्यतः पायनीनचा, टर्पेंटाइनमध्ये असतं तेच. पण गोळ्या करण्याआधी भुसा गरम हवेने वाळवतात, त्यात बराचसा पायनीन उडून जातो. मागे राहतात पाइनमधली स्निग्ध आम्लं. त्यांचा हवेशी संबंध आला की हेक्झॅनल आणि त्याचे भाऊबंद तयार होतात. गोडेतेल खवट झालं की जो वास येतो त्यातही हेक्झॅनलच असतं. म्हणजे मृणालला जुन्या तेलाचा वास येतो तो भास नाही, तिचं नाक बरोबर आहे. पाइनमध्ये हे जास्त होतं कारण त्यात ही आम्लं जास्त. ताज्या मालात जोर असतो, महिने गेले की उतरतो. उकाड्यात बंद गॅरेजमध्ये ठेवल्यामुळे जास्तच झालं असणार.

पाटकर काकू, बी ६०२: मग त्या गोण्या खराब झाल्या का?

केतकी, बी ४०४: जाळायला अजिबात खराब नाहीत. पण एक गोष्ट मृणालला आजच सांगा. ही जी आम्लं हवेशी खेळतात त्यातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, शेगडी न पेटवता, नुसत्या साठवलेल्या गोळ्यांतून. आणि त्याला वास नसतो. २००६ साली स्वीडनमध्ये हेल्सिंगबोर्ग बंदरात गोळ्या भरून आलेल्या जहाजावर, तळाकडे जाणाऱ्या बंद जिन्यात उतरलेला माणूस यानेच गेला. युरोपात घराच्या तळघरात टनावारी गोळ्या ओततात, तिथेही मृत्यू झाले आहेत. चार-सहा गोण्यांनी असं होत नाही, पण गॅरेज पॅकबंद नको, आणि ढीग मोठा असेल तर दार उघडून थोडा वेळ थांबूनच आत जावं.

पाटकर काकू, बी ६०२: अगं बाई. सांगते लगेच. तिकडे आत्ता सकाळ असेल.

ओंकार, ए ५०३: मध्येच विचारतो. भिवंडीला बॉयलरसाठीच्या पेलेट्स पोत्याने मिळतात, एकदम स्वस्त. मी गच्चीवर ग्रिल लावायचं म्हणत होतो, पेलेटवालं. चालेल ना? चिकनला छान स्मोकी वास.

नाईक काका, ए २०१: मुळीच नको. बॉयलरचा माल म्हणजे शेंगांची टरफलं, सोयाबीनचा कुटार, भुसा, कधी प्लायवूडच्या कारखान्याची धूळ. त्यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद आला तर तो तुझ्या चिकनला लागणार. अन्नाला लागणारी पेलेट वेगळी विकतात.

केतकी, बी ४०४: आणि तिच्यातही गंमत असते. पुडीवर हिकरी, सफरचंद असं लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा आत ओक किंवा आल्डरचा भुसा आणि वरून वासाचं तेल असतं. तेल घालून देणाऱ्यांत आमचाच धंदा आहे, म्हणून माहीत.

सेक्रेटरी: गच्चीवर कुठल्याही प्रकारची आग लावता येणार नाही. विषय संपला.

दळवी, ए ३०२: हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये पावाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडा म्हणून सांगितलं आणि हा गच्चीवर नवीन भट्टी काढतोय.

शेट्ये वहिनी, बी २०३: पण गॅसच्या पावाला तो वास नाही हो.

नाईक काका, ए २०१: वहिनी, तो वास कशाचा होता ते वखारवाल्याला विचारा. भट्टीत जायचं ते भंगारातलं लाकूड, मोडलेली कपाटं, रंगवलेल्या चौकटी, प्लायवूड. बाभळीवर भाजलेला पाव मला पण आवडतो, पण कपाटावर भाजलेला नको. असो, मृणालचं राहिलं.

वहिनी, लाकडं एकेक सांगतो. डग्लस फर हे तर ओरेगॉनचं राज्यवृक्ष, तिथल्या गोळ्यांत तेच जास्त. वास हलका, जरा लिंबाच्या सालीकडे झुकणारा, कोणाला त्रास होत नाही. ओक जड लाकूड, वास आंबूस.

केतकी, बी ४०४: ओकमध्ये ॲसेटिक आम्ल असतं, व्हिनेगरमधलं. आणि लिग्निनमधून आलेलं थोडं व्हॅनिलिन. म्हणून कोणाला आंबट वाटतो, कोणाला गोडसर. दोघंही बरोबर.

नाईक काका, ए २०१: सीडरचं नाव काढलंत म्हणून. आपण तासायचो त्या चांगल्या पेन्सिलींना जो वास होता तो सीडरचाच, मृणालला तो हवा असणार हे मी समजू शकतो. पण लाल सीडर म्हणून तिकडे जे कापतात त्याच्या धुळीने गिरणीतल्या कामगारांना दमा होतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. जावयांना आधीच धाप लागते ना? गोणी ओतताना तळाची धूळ उडते. मी तरी घेणार नाही.

माझं मत विचाराल तर वासावरून गोळी घेऊच नका. गोणीवर राखेचा आकडा बघा. प्रीमियम म्हणजे राख १ टक्क्याच्या आत. पाइनने चिमणीत डांबर साचतं असं तिथले शेजारी सांगतील, ते ओल्या ओंडक्यांबद्दल खरं. वाळलेल्या गोळीला, भरपूर हवा देऊन जाळताना, ते लागू नाही. उलट राळ असल्यामुळे किलोमागे थोडी जास्तच ऊब देते.

शिर्के मामा, बी १०१: तुमचं लाकूडपुराण झालं असेल तर मी बोलू का? गिरणीत बॉयलरवर होतो मी, आग हा माझा प्रांत. गोणीचा वास वेगळा आणि हॉलमधला धूर वेगळा. लाकूड बदलून दुसरा जाणार नाही. शेगडी धडधाकट असेल तर घरात कुठल्याच लाकडाचा वास यायला नको. पाइन असो नाहीतर चंदन असो. येतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे.

ओंकार, तुझा स्मोकी वास म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड. पेलेटच्या शेगडीत पंखा हवा देतो, आग छोटी पण कडक, तो धूर तिथेच जळून जातो. बाहेर चिमणीशी उभं राहिलं तरी पेटवताना आणि विझवताना काय तो वास येईल.

काकू, मृणालला तीन गोष्टी विचारा. वास कधी येतो, सुरुवातीला की पूर्ण वेळ? शेगडी नवीन आहे का? आणि मागच्या पाइपच्या सांध्यांवर काळं काही दिसतं का?

पाटकर काकू, बी ६०२: विचारलं. शेगडी आधीच्या मालकाची, जुनी आहे. वास पेटवताना जास्त, मग कमी होतो पण जात नाही. पाइपचा फोटो पाठवलाय बघा.

शिर्के मामा, बी १०१: फोटो मोठा करून बघा सगळ्यांनी. भिंतीत जायच्या आधी पाइप वळतो, त्या कोपऱ्याच्या जोडावर खालच्या अंगाला काजळीची बारीक रेघ आहे. नखाने ओढल्यासारखी. तीच गळती.

नवीन शेगडी असती तर म्हटलं असतं की रंग भाजतोय, पहिल्या दोन-तीन वेळा खिडक्या उघडा, जाईल. हे तसं नाही. कारण समजून घ्या. धूर ओढणारा पंखा शेगडीच्या मागे असतो. पंख्याच्या अलीकडे, म्हणजे जिथे आग आहे तिथे, हवा आत खेचली जाते. तिथल्या दाराच्या कडेने फट बंद करणारी दोरी असते, ती झिजली तर खोलीतली हवा आत जाईल, ज्योत आळशी होईल, काच काळी पडेल, पण धूर सहसा बाहेर येणार नाही. पंख्याच्या पलीकडे सगळं उलटं. तिथे पाइपमध्ये धूर ढकलला जातो, आणि जोडाला केसाएवढी फट असली तरी तो खोलीत येतो. पेटवताना धूर जास्त म्हणून वास तेव्हा जास्त. नंतर ज्योत स्वच्छ झाली की नाकाला कमी लागतं, पण गळती चालूच असते. केतकी म्हणाली तो बिनवासाचा गॅस याच फटीतून येऊ शकतो.

पाटकर काकू, बी ६०२: मग काय करायचं मामा?

शिर्के मामा, बी १०१: आधी शेगडी बंद. बंद म्हणजे बटणाने, पंखा आपला आपण थांबेपर्यंत चालू द्यायचा. प्लग उपटायचा नाही, नाहीतर उरलेला धूर सगळा हॉलमध्ये. वीज गेली की हेच होतं, तेही तिला सांगून ठेवा. मग माणूस बोलावून पाइप उतरवायचा, आतली राख झाडायची आणि प्रत्येक जोड उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद करायचा. साधं बाथरूमचं सिलिकॉन नाही चालणार. आणि मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर, आजच.

दळवी, ए ३०२: मामा, इतके दिवस तुम्ही ग्रुपवर फक्त पार्किंगवर बोलायचात.

शिर्के मामा, बी १०१: पार्किंगवर अजून बोलायचंय.

पाटकर काकू, बी ६०२: मृणालने सगळं वाचलं, मी एकेक मेसेज फॉरवर्ड केला. अलार्म घरात आहे पण बॅटरी काढून ठेवली होती जावयांनी, आवाज करतो म्हणून. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. माणूस गुरुवारी येणार, तोवर विजेचा हीटर. आता तिचं म्हणणं, पाइनच्या गोण्या टाकून देऊन फर आणू का? बऱ्याच उरल्यात.

केतकी, बी ४०४: वासासाठी टाकू नका. ओल लागून कुबट वास येत असेल किंवा गोळ्या फुगल्या असतील तरच टाका, ओली गोळी धूर करते.

नाईक काका, ए २०१: सोपी परीक्षा आहे. वाटीत पाणी घेऊन दोन गोळ्या टाकायला सांगा. चांगली गोळी बुडते, मग फुगते आणि तिचा परत भुसा होतो. तशीच टणक राहिली तर आत काहीतरी गोंद-बिंद आहे.

पाटकर काकू, बी ६०२: केलं तिने. बुडाली, आणि चहा होईस्तोवर भुसा झाला म्हणे.

नाईक काका, ए २०१: मग माल चोख आहे. पाइप दुरुस्त झाला की आधी त्याच जाळा. गोण्या तेवढ्या जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या टाका, आणि गॅरेजचं दार दिवसा थोडं वर ठेवा.